सांभाळायचा राहून गेलेला चेंडू

हैदराबादला गेलेला आपल्याकडचा माणूस सालारजंग म्युझियम पाहिल्याशिवाय परतत नाही. तास भरत आला की त्या प्रसिद्ध घड्याळासमोर लहानथोर मान वर करून उभे राहतात, इवलासा पुतळा बाहेर येतो, टोले देतो, आणि मंडळी धन्य होऊन पुढच्या दालनात जातात. गेल्या उन्हाळ्यात त्या गर्दीत मीही होतो. बरोबर सातवीतला नातू होता. 'मैदान' हा चित्रपट त्याने घरी दोनदा पाहिला होता. त्याने विचारले, "आजोबा, रहीमसाहेबांच्या वस्तू कोणत्या खोलीत आहेत?"

अशी खोली इथे नसते, एवढेच मी सांगू शकलो. बाहेर आल्यावर दुसरा प्रश्न आला. "ते आपले होते का?"

याचे उत्तर वाटते तेवढे सोपे नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड हैदराबाद राज्यात होते. लातूरही होते, तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले एक गाव म्हणून. लातूरची बार्शी लाइटची छोटी गाडी कुर्डुवाडीकडे धावत असली तरी मोठी कचेरी, मोठे कोर्ट आणि मोठे कॉलेज हैदराबादलाच. नांदेडची मुले मीटरगेजच्या गाडीने काचीगुड्याला उतरत आणि उस्मानिया विद्यापीठाची वाट धरत. त्याच काचीगुड्याच्या शाळेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे मास्तर काही काळ शिकवत होते. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते, आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक.

त्या संघाने काय केले ते आज सांगितले तर पोरांना खोटे वाटते. १९५० साली दिल्लीत मोहन बागानला हरवून ड्युरँड चषक जिंकला. मुंबईच्या कूपरेजवरचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे दुसऱ्या कुणाच्या हाती लागू दिला नाही. निजामी राजवटीच्या, रझाकारांच्या आठवणी आपल्याकडे कडू आहेत, आणि त्या कडूच असणार. पण ही पाच वर्षे १७ सप्टेंबर १९४८ नंतरची आहेत, स्वतंत्र भारतातल्या हैदराबाद राज्याची आहेत. ती हिशेबातून का गळली, हे मला कधी कळले नाही.

माझे थोरले काका त्या वर्षांत उस्मानियात शिकत होते. सामना पाहायला मिळावा म्हणून मेसचे एक वेळचे जेवण सोडायचे, असे ते सांगत. सुट्टीत नांदेडला येताना त्यांनी एक चेंडू आणला होता. चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर, तोंडाशी चामड्याच्या वादीची वीण. पावसात भिजला की असा जड व्हायचा की डोक्याने मारणाऱ्याच्या कपाळावर वादीचा वळ उठे. गोदावरीकाठच्या मोकळ्या जागेत काकांनी पोरांना त्याच चेंडूवर शिकवले. "डावा पाय नुसता उभं राहायला दिलाय का रे देवानं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पुढे कळले की ही शिकवण रहीमसाहेबांची. दुबळ्या पायानेच खेळायचे, अशा स्पर्धा ते भरवीत.

मग आले १९५६. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपान्त्य फेरी गाठली. तिथवर पोहोचणारा आशियातला तो पहिलाच देश. प्रशिक्षक हैदराबादचे रहीम, आणि तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा. महिन्यापूर्वी सोडलेले राज्य आणि महिन्यापूर्वी धरलेले राज्य, दोन्ही एका मैदानात! काका म्हणत, "आमचे तर दोन्हीकडून गोल झाले." पुढे युगोस्लाव्हियाने ४-१ आणि बल्गेरियाने ३-० असे हरवले आणि भारत चौथा आला. १९६२ मध्ये जाकार्ताला दक्षिण कोरियावर २-१ असा विजय मिळवून याच रहीमनी आशियाई सुवर्णपदक आणले. तेव्हा कर्करोगाने त्यांना पोखरले होते. पुढल्या जूनमध्ये ते गेले.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरला राष्ट्रीय फुटबॉल म्युझियम आहे. १९६६च्या विश्वचषक अंतिम सामन्याचा चेंडू तिथला मानकरी. सामना संपताच तो जर्मनीच्या हेल्मुट हालरने काखोटीला मारून घरी नेला होता. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, इंग्रजांनी तो मागून परत आणला. झुरिकला फिफाचे म्युझियम २०१६ मध्ये उघडले. ब्राझीलने तर साओ पावलोत मैदानाच्या पोटातच ते केले. आपल्या पुण्यात क्रिकेटचे आहे. कोल्हापुरात पाटाकडील आणि खंडोबा तालमींचा सामना असला की शाहू स्टेडियम ओसंडते. तिथे म्युझियमला माल कमी पडू नये.

मराठवाड्यात मात्र माल राहिला किती, हाच प्रश्न. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत घरांबरोबर ट्रंका गेल्या, भिंतीवरचे फोटो गेले. त्या वस्तू भूकंपाने नेल्या. आमच्या घरातली वस्तू कुणी नेली, ते सांगतो. २००३ साली जुना वाडा पाडताना माळ्यावरून काकांचा चेंडू निघाला. चपटा झालेला, बुरशी धरलेला, वादी तुटलेली. काका तोवर वारले होते. दारात भंगारवाला उभा होता. पितळी हंड्याचा भाव ठरला आणि बाकीचे पोते मी तसेच वर दिले. चेंडू त्या पोत्यात होता. हालर निदान ठाऊक तरी होता. माझ्या भंगारवाल्याचा चेहराही मला आठवत नाही.

हे सगळे नातवाला परतीच्या गाडीत सांगितले. तो रागावला नाही, हे जास्त लागले. निजामाबाद गेल्यावर म्हणाला, "मग आता काय उरलंय?" मी आठवून पाहिले. काकांचा एक फोटो आहे. अकरा पोरे, त्यांतली सात अनवाणी, मागे नदीचा घाट, आणि मधल्या पोराच्या मांडीवर तोच चेंडू. मागे उर्दूत काही लिहिले आहे. काकांना उर्दू येत होते, आम्हा कुणाला येत नाही.

२०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यभर शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल खेळवला गेला, तेव्हाचा एक चेंडू नातवाच्या शाळेच्या कपाटात अजून आहे म्हणे. खेळाच्या सरांनी त्याच फळीवर फोटोला जागा करून दिली आहे. फोटो देण्याआधी मागचा मजकूर वाचून घ्यायचा आहे. चौकातल्या घड्याळजींना उर्दू वाचता येते. नातू रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे, आणि मला बरोबर चला म्हणाला आहे.