कुवेतमधलं कॉल सेंटर सोडताय? आधी हे वाचा

काल साल्मियात एक मराठी ताई भेटली. दिवसभर कानाला हेडसेट, शिव्या ऐकूनही आवाज गोड. जीव मेटाकुटीला आलाय. "दादा, राजीनामा देऊन घरून ऑनलाइन काम करू?"

जरूर कर, पण कुवेतात राहून नाही. कलम १८ चा इकामा (निवास परवाना) कंपनीशी बांधलेला असतो. परवानगीशिवाय दुसऱ्याचं काम बेकायदा. रिमोट काम भारतात परतूनच घ्यावं, असं माझं ठाम मत.

कुवेतच्या २०१० च्या कामगार कायद्यानुसार मासिक पगार असेल तर नोटीस ३ महिन्यांची. राजीनाम्यावर ग्रॅच्युइटी ३ वर्षांनंतर निम्मी, ५ नंतर दोन तृतीयांश, १० नंतर पूर्ण. पावणेपाच वर्षं झाली असतील, तर थोडी कळ काढाच!

शंका असतील तर कमेंटमध्ये विचारा.