पाच कोटी आणि सहा वाटे

रायगडमधल्या माणगाव तालुक्यातल्या वाडीवस्तीवर फिरताना साकवाच्या कठड्यावर, स्मशानशेडच्या खांबावर, समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटची पाटी दिसते. नाव ठळक, रक्कम बारीक. ‘साहेबांनी दिलं’ असं गावही म्हणतं. पैसा दिल्लीचा की मुंबईचा, की वित्त आयोगातून थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात आलेला, याची चौकशी नारळ फुटल्यावर कोण करतो? तीस वर्षांहून जुन्या खासदार निधीचा मागोवा माणगावातून घ्यायचा, तर सुरुवात या चौकशीपासूनच करायला हवी.

पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी २३ डिसेंबर १९९३ रोजी संसदेत ही योजना जाहीर केली. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदाराच्या वाट्याला अवघे ५ लाख आले. पुढच्याच वर्षी त्याचे १ कोटी झाले, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी. योजना सुरू झाली तेव्हा इथले खासदार होते बॅ. ए. आर. अंतुले. मुख्यमंत्री असताना त्यांनी १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं, पण लोकसभा मतदारसंघ मात्र २००९ पर्यंत कुलाबाच राहिला. १९९८ आणि १९९९ ला शेकापचे रामशेठ ठाकूर निवडून आले, २००४ ला पुन्हा अंतुले, २००९ आणि २०१४ ला अनंत गीते, २०१९ पासून सुनील तटकरे. पक्ष बदलले, कामांचा साचा फारसा बदलला नाही. गावातला रस्ता, पाखाडी, संरक्षक भिंत, विंधन विहीर, शाळेची खोली, दिव्याचा उंच खांब.

हे पैसे खासदाराच्या हातात येत नाहीत. तो फक्त शिफारस करतो; मंजुरी जिल्हाधिकारी देतात आणि काम सरकारी यंत्रणा करून घेते. प्रार्थनास्थळाच्या आवारात काम करायचं नाही, कुणाची खासगी मालमत्ता उभारायची नाही, टिकाऊ आणि सार्वजनिक तेवढंच बांधायचं, असे नियम आहेत. सगळी खरी गंमत त्या शिफारसपत्राच्या आधी घडते. कोकणात गावाचं एक मुंबई मंडळ असतं. परळ-लालबागपासून नालासोपाऱ्यापर्यंत विखुरलेले चाकरमानी त्यात असतात. अर्ज लिहायचा, साहेबांची वेळ घ्यायची, शिमग्याला किंवा गणपतीला गावी आल्यावर पुन्हा आठवण करून द्यायची, हे काम मंडळ चिकाटीने करतं. त्यात वावगं काहीच नाही. पण ज्या वस्तीला असं मंडळ नाही, तिचं काय?

माणगाव तालुक्यात अशा वस्त्या म्हणजे कातकरी आदिवासींच्या वाड्या, कातकरीवाड्या. निधीतला किमान १५ टक्के भाग अनुसूचित जातींच्या आणि ७.५ टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांवर खर्च व्हावा, असं नियम सांगतो. ५ कोटींचे साडेसात टक्के म्हणजे साडेसदतीस लाख, तेही सबंध मतदारसंघात. दिवाळी झाली की कातकरीवाड्यांतली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे भूमिपूजनांचा जो हंगाम, त्यात वाडी निम्मी रिकामी. अर्ज घेऊन जाणारं कुणी नाही आणि नारळाला टाळ्या वाजवणारंही कुणी नाही. निधी गरजेच्या मागे जातो असं कागद म्हणतो. व्यवहारात तो मागणाऱ्याच्या मागे जातो. तीन दशकांच्या हिशेबातली माझ्या मते सर्वांत मोठी तूट हीच.

आता आकड्यांचं बोलू. रायगड लोकसभेत पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड, दापोली आणि गुहागर असे सहा विधानसभा मतदारसंघ. ५ कोटींचे सहा वाटे केले तर एकेकाला ८३ लाखांच्या आसपास मिळतात. महाराष्ट्रात आमदाराचा निधीही २०२२ मध्ये ५ कोटींवर गेला, आणि तो एकाच मतदारसंघासाठी. म्हणजे श्रीवर्धन मतदारसंघातल्या माणगावकराला खासदारापेक्षा आमदाराची थैली सहापट जवळची. २०१९ पासून इथल्या आमदार आदिती तटकरे, खासदारांच्या कन्या. त्यामुळे कुठलं काम कोणत्या निधीतलं, हे पाटी नीट वाचल्याशिवाय सामान्य माणसाला कळणं कठीण.

एवढ्या पैशात माणगावचं मूळ दुखणं बरं होणार नाही, हेही उघड आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. गणपतीत माणगावच्या बाजारपेठेत गाड्या तासन् तास अडकतात, आणि बाह्यवळण वर्षानुवर्षं रखडलेलं. ते काम केंद्राच्या महामार्ग खात्याचं. खासदाराचं तिथलं खरं काम संसदेत प्रश्न लावून धरण्याचं आहे. पण त्याची पाटी लागत नाही.

खासदार निधीवरचे आक्षेपही कमी झाले नाहीत. डिसेंबर २००५ मध्ये एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने काही खासदारांना कामाच्या शिफारशीसाठी टक्केवारी बोलताना पकडलं. वीरप्पा मोईली यांच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने योजनाच बंद करा म्हटलं. ६ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली.

हा निधी नेमका कुणाचा, ते २०२० ने दाखवलं. कोरोनाचं कारण देऊन केंद्राने ६ एप्रिलला तो दोन वर्षांसाठी थांबवला. ७,९०० कोटी केंद्राच्या तिजोरीत वळले. दोन महिनेही झाले नव्हते, तोच ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, माणगाव, तळा या पट्ट्यात घरांचे, शाळांचे पत्रे उडाले, सुपारीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब आडवे झाले. राज्याने रायगडला तातडीचे १०० कोटी जाहीर केले. खासदाराच्या खात्यात त्या वर्षी नवा पैसा नव्हता. पुढच्या वर्षी जुलैत महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, तेव्हाही निधी बंदच होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, उरलेल्या वर्षासाठी २ कोटी देऊन. निसर्गचं नुकसान ५ कोटींनी भरून निघालं नसतंच. पण शाळेवर पत्रे चढवायला ते पुरले असते.

निधी कसा मागायचा, याचं एक उदाहरण बाहेरचं आहे. अमेरिकेतही काँग्रेस सदस्य आपल्या भागासाठी असा केंद्राचा पैसा मागत. गैरप्रकार वाढले म्हणून २०११ ला ही पद्धत थांबली. २०२१ ला परतली ती एका चांगल्या अटीसह. प्रतिनिधीगृहातल्या सदस्याने काय मागितलं, ते मंजुरीच्या आधीच जाहीर करायचं आणि त्यात आपल्या कुटुंबाचा आर्थिक हितसंबंध नाही हे लिहून द्यायचं. आपल्याकडे २०२३ च्या नव्या नियमांनंतर शिफारशी ‘ई-साक्षी’वर ऑनलाइन होऊ लागल्या, ही सुधारणा खरीच. गावाला मात्र काम कळतं ते बहुधा मांडव पडल्यावर.

म्हणून एक विनंती. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा जवळ असेल, तिथे जा. खासदारांकडे कोणती कामं मागायची याचा ठराव शिफारसपत्राच्या आधी करून घ्या, आणि त्या यादीत कातकरीवाडीचं काम पहिल्या क्रमांकावर लिहायला लावा. माणगाव शहरात हाच प्रश्न नगरपंचायतीत आपल्या नगरसेवकाला विचारा.