बिलाची तारीख आणि संगणकाची तारीख

उधारीच्या धंद्यात तारखेला रकमेइतकीच किंमत आहे. जुलै २०२४ मध्ये रोह्याच्या एका कापड दुकानदाराला आमच्या पेणच्या पेढीतून तगादा गेला : "४५ दिवस उलटले, रक्कम पाठवावी." दुसऱ्या दिवशी भाई बिल घेऊन स्वतः हजर. बिल ६ जुलैचे. तगादा गेला तेव्हा जेमतेम १६ दिवस झालेले. वीस वर्षांचा व्यवहार, काय बोलणार? माफी मागितली आणि चूक शोधायला बसलो.

बिले दोनदा लिहायला नकोत म्हणून भाच्याने जीएसटी विवरणाची जेसन फाइलच उधारीच्या खात्यात चढवली होती. जेसनमध्ये आकड्यांचा प्रकार आहे, तारखेचा नाही. तारीख म्हणजे अवतरणचिन्हांतली नुसती अक्षरे. जीएसटीच्या फाइलीत आधी दिवस, मग महिना : '०६-०७-२०२४'. प्रोग्रामने ती अमेरिकन रिवाजाने वाचून ७ जून केली. १३ तारखेपासून पुढे असे वाचता येत नाही, तिथे रकाना कोरा राहतो आणि चूक दिसते. पण १ ते १२ तारखांत मशीन गप्प बसते. ७ जुलैसारख्या सारख्या आकड्यांच्या तारखा सोडल्या तर वर्षातले १३२ दिवस असे फसवे.

दुरुस्ती केली तर १ एप्रिलची बिले ३१ मार्चला जाऊन बसली! म्हणजे आर्थिक वर्षच बदलले. कारण प्रोग्राम वेळ ग्रीनिचच्या घड्याळाने लिहीत होता. ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे मध्यरात्र होते तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे साडेसहा वाजलेले. दिवस कुठून मोजायचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मगरिब झाली की आपली इस्लामी तारीख बदलते, दुकानाच्या कॅलेंडरवरची नाही.

आता बिलाची तारीख 'वर्ष-महिना-दिवस' अशी, वेळ न जोडता निव्वळ तारखेच्या रकान्यात ठेवतो. पैसे जमा झाल्याची नोंद मात्र वेळेसह, पुढे '+०५:३०' लावून. फाइलीतली तारीख कोणत्या क्रमाची, हे प्रोग्रामला स्पष्ट लिहून द्यायचे. अंदाज करू द्यायचा नाही. चढवल्यावर ५ तारखेचे एक, २५ तारखेचे एक आणि १ एप्रिलचे एक बिल कागदाशी ताडून पाहतो.

रोह्याच्या भाईंची रक्कम १९ ऑगस्टला आली, मुदतीच्या एक दिवस आधी.