खेळांतील निवडीचा न्याय

मैदानावर दोन पक्ष पाडावयाचे झाले म्हणजे खऱ्या खेळापूर्वीं एक लहानसा खेळ होत असतो. खापरीच्या तुकड्याची एक बाजू ओली करून तो वर उडवावयाचा, "ओली कीं सुकी" असें विचारावयाचें, आणि जो जिंकेल त्या नायकानें पहिला गडी मागून घ्यावयाचा. मग दोघांनीं पाळीपाळीनें एकेक गडी घ्यावयाचा. ही चाल इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तींत न्यायान्यायाचा कांहीं प्रश्न असेल असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु आमच्या बालवाचकांपैकीं पुष्कळांस संगणकावरील ज्या सांघिक खेळांचा नाद आहे, त्यांत हाच प्रश्न फार बारकाईनें हाताळलेला आढळतो. पालकांस हा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे; तथापि त्याच्या पोटीं जें तत्त्व आहे, तें पोरकट नाहीं. म्हणून त्याचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल 'लीग ऑफ लेजेंड्स' हा खेळ घेऊं. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीनें तो २००९ सालीं काढला. यांत प्रत्येक पक्षांत पांच खेळाडू असतात. प्रत्येक खेळाडूनें एक काल्पनिक पात्र निवडून त्याच्या रूपानें लढावयाचें असतें. अशीं पात्रें १६० हून अधिक आहेत. कोणी बळकट पण मंद, कोणी चपळ पण नाजूक, कोणी दुरून मारा करणारें, तर कोणी सोबत्यांचें रक्षण करणारें. स्पर्धेच्या सामन्यांत एकाच डावीं एक पात्र दोघांस घेतां येत नाहीं. अर्थात् कोणी आधीं निवडावें, यावर पुष्कळ कांहीं अवलंबून राहतें.

निवडीचा क्रम कसा असावा? समजा, दहा उत्तम पात्रें गुणानुक्रमें मांडलीं, आणि प्रत्येक नायक उरलेल्यांतील सर्वोत्तम तेंच उचलतो असें धरलें. पहिल्या पक्षानें एकदम पांच घ्यावीं असा नियम केला, तर त्याच्या वांट्यास १ ते ५ व दुसऱ्याच्या वांट्यास ६ ते १० हे क्रमांक येतील. त्यांच्या बेरजा १५ व ४०. येथें लहान बेरीज ती चांगली. तेव्हां हा उघड अन्याय होय. एकाआड एक निवडल्यास पहिल्यास १, ३, ५, ७, ९ व दुसऱ्यास २, ४, ६, ८, १० मिळतात. बेरजा २५ व ३०. दिसावयास हा क्रम समसमान. परंतु प्रत्येक जोडींत पहिल्याचें पारडें एकानें जड राहतें, आणि पांच जोड्यांत मिळून पांचांचा फरक पडतो. आतां पहिल्यानें एक, नंतर दुसऱ्यानें दोन, मग पहिल्यानें दोन, असें करीत शेवटीं दुसऱ्यानें एक घ्यावें असें ठरवूं. पहिल्यास १, ४, ५, ८, ९ व दुसऱ्यास २, ३, ६, ७, १० मिळतील. बेरजा २७ व २८! एकंदर बेरीज ५५, म्हणजे विषम संख्या असल्यामुळें याहून जवळ येणें शक्यच नाहीं. सदर खेळाच्या स्पर्धांत निवडीचा हाच क्रम घेतलेला आहे. टेनिसमधील टायब्रेकांतही हेंच तत्त्व आहे. तेथें पहिला खेळाडू एकदां सर्व्हिस करितो, आणि तदनंतर दोघेही पाळीपाळीनें दोनदोनदां करितात.

परंतु केवळ क्रम सुधारून भागत नाहीं. एखादें पात्र इतरांहून फारच वरचढ असलें, तर तें पहिल्याच्याच हातीं जाणार. मग सारा सामना नाणेफेकीवरच ठरल्यासारखा होईल. यावर उपाय म्हणजे पात्रें बाद करण्याचा अधिकार. निवडीपूर्वीं प्रत्येक नायक कांहीं पात्रांचीं नांवें घेऊन तीं त्या डावापुरतीं दोघांसही बंद करितो. याचें मर्म लक्ष्यांत घेण्याजोगें आहे. वरचढ पात्र एकच असेल, तर दुसऱ्या पक्षास तें बाद करणें भागच पडतें. कारण तसें न केल्यास पहिला तें उचलील. म्हणजे दुसऱ्याचा एक अधिकार जणूं करादाखल खर्च होतो, व पहिल्याचा शिल्लक राहतो. अशीं पात्रें दोन असल्यास मात्र एक याचें व एक त्याचें होऊन तोल आपोआप राहतो. तीन असल्यास पहिल्यास एक मिळून दुसऱ्यास दोन मिळतात, व भार उलट बाजूस जातो. सारांश, निवडीचा क्रम व बाद करण्याचा अधिकार यांचा विचार एकमेकांपासून तोडून करतां येत नाहीं.

पूर्वीं या स्पर्धांत प्रत्येक पक्षास तीन पात्रें बाद करतां येत असत, आणि तीं सर्व आरंभींच. २०१७ सालीं ही संख्या पांच झाली व त्यांचे दोन भाग पडले. आधीं तीनतीन बाद, मग तीनतीनांची निवड, मग आणखी दोनदोन बाद, आणि शेवटीं उरलेल्या दोनदोनांची निवड. मधल्या थांब्याचा हेतु असा कीं, पहिल्या सहा निवडींवरून प्रतिपक्षाचा बेत थोडाबहुत कळून येतो, व त्याच्या नेमक्या वाटा अडवितां येतात. अगदीं शेवटची निवड दुसऱ्या पक्षाची असते. समोरील पांचही पात्रें पाहून तो त्यांस साजेसें उत्तर देऊं शकतो. पहिली निवड हुकल्याची ही थोडीशी भरपाईच होय.

तथापि औषधही मात्रेबाहेर गेल्यास अपाय करितें. एखादा खेळाडू दोनतीन पात्रांतच निष्णात असेल, तर प्रतिपक्ष नेमकीं तींच बाद करून त्याची वर्षांची मेहनत व्यर्थ करूं शकतो. बाद करण्याची संख्या वाढवावी तितका हा धोका वाढतो. उलट ती फार कमी केली, तर तींच तीं पात्रें प्रत्येक सामन्यांत दिसून खेळ नीरस होतो. या नीरसपणावर २०२५ सालच्या मोठ्या स्पर्धांत एक वेगळाच उपाय योजिला गेला. एका सामन्याच्या कोणत्याही डावांत जें पात्र कोणीही वापरलें, तें त्या सामन्याच्या पुढील डावांत कोणासही मिळावयाचें नाहीं. पांचव्या डावापर्यंत सामना गेला तर ४० पात्रें अशीं संपलेलीं असतात, आणि त्या डावापुरतीं आणखी १० बाद होतात. येथें एकाच विद्येचा पंडित मागें पडतो, व बहुश्रुत खेळाडू पुढें येतो.

न्यायाचा नियम सर्वांस समजला पाहिजे, हेंही विसरूं नये. फुटबॉलमध्यें बरोबरी झाल्यावर घ्यावयाच्या पेनल्टींस टायब्रेकासारखा क्रम लावण्याचा प्रयोग २०१७ सालीं सुरू झाला. परंतु ती पद्धति किचकट वाटून तिला पुरेसा पाठिंबा मिळाला नाहीं, व २०१८ सालीं तो प्रयोग सोडून देण्यांत आला. गणितानें शुद्ध असलेला नियमही खेळणाऱ्यांच्या व पाहणाऱ्यांच्या गळीं उतरला नाहीं तर टिकत नाहीं.

आतां आपल्या मैदानाकडे वळूं. आपल्याकडील मुलांची एक जुनी युक्ति आहे. सारख्या ताकदीचे दोन गडी जोडीनें बाजूस जाऊन 'सूर्य' व 'चंद्र' अशीं गुप्त नांवें घेतात, आणि नायकानें नांव ओळखून नव्हे, तर नुसतें मागून घ्यावयाचें. जोडी समान असल्यामुळें कोणताही गडी आला तरी नुकसान नाहीं. शिवाय, सर्वांसमक्ष सर्वांत शेवटीं उरण्याची पाळी कोणावरही येत नाहीं. संगणकांतील पात्र शेवटपर्यंत कोणी घेतलें नाहीं तर त्यास दुःख होत नाहीं, मुलाला होतें. रोज शेवटीं उरणारा मुलगा हळूहळू मैदानावर येणेंच सोडतो, ही गोष्ट शिक्षकांच्या व पालकांच्या नजरेंतून सुटतां कामा नये.

म्हणून यापुढें गडी वांटून घेतांना एकाआड एकऐवजीं एक-दोन-दोन असा क्रम धरून पाहावा, अथवा सूर्यचंद्राच्या जोड्या पाडाव्या, अशी आमची विद्यार्थ्यांस सूचना आहे. वांटणी न्यायाची झाली तर हरलेल्यास कुरकुर करण्यास जागा उरत नाहीं, आणि जिंकलेल्यास आपला विजय आपलाच आहे असें निःशंकपणें म्हणतां येतें.