फलालीनची लव आणि हवेतले कण

कोरोनाच्या काळात घरोघरी जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवले गेले, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पिठाची चाळणी होती: वीण घट्ट, म्हणजे बारीक कणही अडणार. हवेच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. साध्या सुती कापडात धाग्यांमधली भोकं हवेतल्या सूक्ष्म कणांच्या शेकडो पट मोठी असतात.

मग कण अडतात कसे? हवा तंतूला वळसा घालून जाते. जड कणाला ते वळण जमत नाही. तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. अगदी बारीक कणाला हवेचे रेणू सतत ढकलत असतात. तो झोकांड्या खात कुठेतरी चिकटतो. निसटतो तो मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा. ना धड जड, ना धड हलका.

इथे तंतूचा आकार कामाला येतो. अमेरिकेतल्या ‘एनआयएसटी’ या संस्थेतल्या क्रिस्टोफर झांगमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तीसेक प्रकारच्या कापडांतून मिठाचे सूक्ष्म कण सोडून पाहिले. सिंथेटिक कापडांपेक्षा सुती कापडं सरस ठरली, त्यातही लव उठवलेली. आपली जुनी फलालीन! इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पॉलिएस्टरचा तंतू गुळगुळीत, सरळ दिसतो. कापसाचा तंतू मात्र बोंडात ओला असतो तोवर गोल नळी; बोंड फुटलं की वाळून चपटा होतो आणि पीळ खातो. वाकडातिकडा, मुरडलेला. फलालीनवर असे असंख्य तंतू विणीतून सुटून उभे असतात, आणि भोकांवर त्यांचं जाळं पसरतं.

कापूस पाणीही ओढतो. २०२१ मध्ये याच गटाने उच्छ्वासाइतक्या दमट हवेत चाचण्या केल्या, तेव्हा सुती कापडांची गाळण्याची क्षमता सरासरी ३३ टक्क्यांनी वाढली. ओलसर कापडातून जाताना कण पाणी शोषून फुगतात आणि सहज अडकतात. सिंथेटिक कापडात हा फायदा दिसला नाही.

तरी सुती मास्क ‘एन-९५’ची बरोबरी करत नाही, हेही सांगायलाच हवं. ‘एन-९५’मधले पॉलिप्रॉपिलीनचे तंतू गुळगुळीतच, पण फार बारीक आणि विद्युतभारित. कण त्यांच्याकडे ओढले जातात. अल्कोहोलने पुसलात तर हा भार उतरतो. सुती मास्कला ती भीती नाही. दुसऱ्या एका अभ्यासात तो ५२ वेळा धुतला-वाळवला, तरी गाळण्यात फरक पडला नाही. श्वास घेणं तेवढं किंचित जड झालं.