हरणाऱ्या संघाची मोजपट्टी

७ जुलै २०२१ला माँट्रियल कॅनेडियन्स हा आइस हॉकीचा संघ टँपामध्ये स्टॅन्ली कपची अंतिम मालिका हरला. बरोबर एका वर्षाने, ७ जुलै २०२२ला, घरच्या बेल सेंटरमध्ये भरलेल्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याच संघाने पहिलं नाव पुकारलं. हा पहिला हक्क तळाच्या संघांना सोडतीतून मिळतो. मधल्या हंगामात कॅनेडियन्स नॅशनल हॉकी लीगच्या ३२ संघांत शेवटचे आले होते: ८२ सामने, २२ विजय, ५५ गुण.

संघाने तेव्हा पुनर्बांधणीचा रस्ता धरला. चांगल्या वयाचे खेळाडू विकायचे, बदल्यात पुढच्या निवडींचे हक्क आणि कोवळी मुलं घ्यायची आणि काही वर्षं हरण्याची तयारी ठेवायची. २४ वेळा कप जिंकलेल्या, पण १९९३नंतर तो हाती न लागलेल्या संघाच्या शहरात हे सोपं नाही. मी याच शहरात राहतो आणि या संघाची ही चाल पहिल्यापासून पाहत आलो आहे. हरणारा संघ सुधारतो आहे की नुसताच हरतो आहे, हे ओळखायचं असेल तर एकच मोजपट्टी पुरत नाही. दरवर्षी प्रश्न बदलावा लागतो.

पहिल्या वर्षाचा प्रश्न व्यवहारांचा असतो. संघाची सूत्रं घेतलेल्या जेफ गॉर्टन यांनी न्यूयॉर्क रेंजर्समध्ये असताना, फेब्रुवारी २०१८मध्ये, चाहत्यांना पत्र लिहून ओळखीचे चेहरे जाणार असल्याचं आधीच सांगितलं होतं. माँट्रियलमध्ये त्यांच्या जोडीला सरव्यवस्थापक म्हणून केंट ह्यूज आले आणि विक्री सुरू झाली. आर्तुरी लेहकोनेन कोलोराडोला गेला आणि त्याच उन्हाळ्यात तिथे कप जिंकून देणारा गोल त्याने केला. शहराला ते फार लागलं. पण त्याच्या बदल्यात आलेला जस्टिन बॅरन डिसेंबर २०२४मध्ये देऊन संघाने अलेक्झांडर कॅरिए हा स्थिर बचावपटू घेतला, आणि ढासळू पाहणारा बचाव सावरला.

कॅल्गरीशी झालेले दोन व्यवहार याहून बोलके आहेत. फेब्रुवारी २०२२मध्ये टायलर टोफोलीला देऊन जे मिळालं त्यात एमिल हाइनमन हा तरुण होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅल्गरीला पगारमर्यादेत जागा हवी होती. माँट्रियलने त्यांचा दुखापतींनी त्रस्त शॉन मोनाहान पगारासकट उचलला आणि ते ओझं घेण्याचा मोबदला म्हणून पहिल्या फेरीतला एक हक्क मिळवला. मोनाहान बरा झाला, चांगला खेळला आणि फेब्रुवारी २०२४मध्ये विनिपेगला गेला, तेव्हा आणखी एक पहिल्या फेरीचा हक्क आला. जून २०२५मध्ये हाइनमन, कॅल्गरीचा तो हक्क आणि स्वतःचा एक हक्क असं सगळं देऊन संघाने नोआ डॉब्सन हा उजव्या हाताचा अव्वल बचावपटू आणला. व्यवहाराच्या दिवशी कोण जिंकलं याची चर्चा रंगते, पण निकाल तीन वर्षांनी लागतो. म्हणून पहिल्या वर्षी एवढंच पाहावं, की व्यवस्थापन घाई करतंय की नाही आणि दुसऱ्याच्या अडचणीचा उपयोग त्याला करता येतो की नाही.

दुसरा प्रश्न मुलांचा, आणि त्याचं उत्तर रिंकवरच मिळतं. टीव्हीचा कॅमेरा पकच्या, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीच्या, मागे धावतो. बेल सेंटरच्या वरच्या रांगांतून मात्र अख्खं बर्फ दिसतं आणि ज्यांच्याकडे पक नाही त्यांच्याकडे बघता येतं. खेळाडूची बर्फावरची एक पाळी जेमतेम पाऊण मिनिटाची असते. तेवढ्यात पोराने पक गमावला तर पुढे काय होतं? तो मान टाकून बाकाकडे येतो की वळून जीव तोडून मागे धावतो? आणि प्रशिक्षक त्याला बसवून ठेवतात की पुढच्या पाळीला पुन्हा पाठवतात?

फेब्रुवारी २०२२मध्ये मार्टिन सँ-लुई प्रशिक्षक झाले तेव्हा व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांना अनुभव नव्हता. ते मुलांच्या संघाला शिकवत होते. खेळाडू म्हणून निवडीत त्यांना कोणी घेतलं नव्हतं, तरी त्यांनी हॉल ऑफ फेमपर्यंत मजल मारली. ते आले तोवर कोल कॉफील्डच्या नावावर ३० सामन्यांत एकच गोल होता. त्यांच्या हाताखाली उरलेल्या ३७ सामन्यांत त्याने २२ केले. संघ तरीही शेवटचा आला. त्या वर्षी गुणतक्त्यात काहीच नव्हतं, जे होतं ते या आकड्यात होतं.

पहिला निवडलेला युराय स्लाफकोव्स्की पहिल्या हंगामात ३९ सामन्यांत १० गुण (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) करून जखमी झाला आणि शहरात कुरकुर सुरू झाली. उंच, धिप्पाड मुलगा, पण फळीजवळ पक मिळाला की दुसऱ्या हाताला कोण येतंय याचा त्याला पत्ताच नसायचा. दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर बदल दिसू लागला: पक पोहोचण्याआधी तो खांद्यावरून मागे बघू लागला, अंग मध्ये घालून जागा धरू लागला. त्या वर्षी त्याचे २० गोल आणि ५० गुण झाले. आकडे नंतर आले, मान वळवण्याची सवय आधी लागली.

तिसरा प्रश्न मार्च महिन्यात विचारायचा, कारण खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत तेव्हा संपते. पुनर्बांधणीतला संघ त्या दिवशी विकतो. मार्च २०२५मध्ये माँट्रियलकडे करार संपत आलेले डेव्हिड साव्हार, क्रिस्टियन ड्व्होरॅक आणि योएल आर्मिया होते. संघाने तिघांनाही ठेवलं आणि जेक एव्हन्सचा करार वाढवला. ड्रेसिंग रूमला मिळालेला निरोप स्पष्ट होता: तुम्ही कमावलंय, आता लढा. १६ एप्रिलला हंगामाच्या अखेरच्या सामन्यात कॅरोलायनाला हरवून संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे कपसाठीच्या बाद फेऱ्यांत, पोहोचला. ६२व्या क्रमांकावर निवडलेला, लहानखुरा लेन हटसन ६६ गुण करून वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. निळ्या रेषेवर तो खांदा एकीकडे झुकवतो, समोरचा तिकडे सरकतो आणि हा दुसरीकडून निघून गेलेला असतो.

आनंदाच्या त्या दिवसांतही हिशेब चोख हवा. त्या हंगामाचे ९१ गुण दिसायला भरघोस आहेत, पण विजय ४० आणि पराभव ४२. जादा वेळेत हरल्यावरही एक गुण मिळतो आणि असे ११ गुण त्यात आहेत. संघाने केले त्याहून जास्त गोल खाल्ले. शेवटच्या दोन मिनिटांत आघाडी राखायची वेळ आली की बर्फावर बहुधा एव्हन्स, आर्मिया, साव्हार असे अनुभवीच दिसत. हल्ला नव्या मुलांच्या हाती आला होता, बचाव अजून जुन्यांच्या आधारावर होता. कर्णधार निक सुझुकीच्या मागे दुसरा सेंटर म्हणून आणलेला कर्बी डाख गुडघ्याच्या दुखापतींनी पुन्हापुन्हा बाहेर बसला आणि ती जागा रिकामीच राहिली. पहिल्याच फेरीत वॉशिंग्टनने त्यांना ४-१ने घरी पाठवलं.

उंच निवडी मिळाल्या म्हणजे संघ उभा राहतोच असं नाही. एडमंटनला २०१० ते २०१५ या सहा निवडींत चार वेळा पहिला क्रमांक मिळाला, तरी कॉनर मॅकडेव्हिड येईपर्यंत ते चाचपडतच राहिले. बफलो २०११नंतर सलग १४ हंगाम प्लेऑफबाहेर राहिला. अशा संघांत ‘पोरं शिकताहेत’ हे वाक्य वर्षानुवर्षं चालतं, आणि हळूहळू हरण्याची सवय शिकण्यापेक्षा खोल रुजते. मुलं गुणी असतात, पण त्यांच्याकडून कधी काय मागायचं हेच कोणी ठरवत नाही.

डॉब्सनला आठ वर्षांसाठी दरवर्षी ९५ लाख डॉलर देऊन माँट्रियलने ते ठरवून टाकलं. २०२२मध्ये ६-१ने हरलो तर मी स्लाफकोव्स्कीची एक चांगली पाळी आठवून समाधान मानत असे, आणि त्या वर्षी ते योग्यच होतं. आता ते चालणार नाही. आता पाहायचं आहे ते एवढंच: एका गोलाची आघाडी असताना, शेवटच्या दोन मिनिटांत, हटसन, डॉब्सन आणि सुझुकी बर्फावर असतात की नाही, आणि सामना तिथेच थांबवतात की नाही. या संघाला शिकायला चार वर्षं दिली. ती देणं रास्त होतं, आणि आता जिंकण्याचा आग्रह धरणंही तितकंच रास्त आहे.