मागे ठसा नको

लेटरप्रेसवर छापलेली लग्नपत्रिका आज कुणी हातात दिली तर घेणारा आधी ती वाचत नाही, तिच्यावरून बोट फिरवतो. जाड सुती कागदात अक्षर रुतलेलं असतं, बोटाला खड्डा लागतो, आणि पैसे त्या खड्ड्याचेच मोजलेले असतात. या छपाईचं सध्या जे नवं कौतुक चाललं आहे, अमेरिकेत, इंग्लंडात आणि आपल्याकडे मुंबई-बेंगळुरूतही, ते बरंचसं या खड्ड्यावर उभं आहे. मलाही तोच हवा होता. शनिवार पेठेतल्या छापखान्यात मी नमुना म्हणून अशी एक पत्रिका घेऊन गेले. तो छापखाना चालवणाऱ्या काकांनी ती हातात घेतली, न वाचताच उलटी केली, मागच्या बाजूवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे तर वाया गेलेलं काम आहे ताई. मागं ठसा आलाय."

मी सायकलच्या पिशव्या शिवते. हँडलला पुढे बांधायच्या, सीटखाली लटकवायच्या, दांड्यांमधल्या त्रिकोणात बसणाऱ्या. कापड, निवारीच्या पट्ट्या, बक्कलं असलं सगळं सामान रविवार पेठेत मिळतं. पिशव्यांबरोबर चिठ्ठी द्यायची कल्पना मात्र दुरून आली. इंग्लंडात लँकशर परगण्यातल्या नेल्सन गावात कॅरॅडाइस नावाची कंपनी आहे. १९३२ पासून ते लोक जाड सुती कॅनव्हासच्या सायकलबॅगा करतात, आणि आतल्या चिठ्ठीवर ती बॅग जिने किंवा ज्याने शिवली त्याची सही असते. माझ्याकडे सही करणारी मी एकटीच, तेव्हा सहीचं अप्रूप नाही. पण निदान छापलेली चिठ्ठी तरी असावी असं वाटलं. मजकूर असा: "सायकलची पिशवी. पायाच्या मशीनवर शिवलेली. कॅनव्हास भिजला तर सावलीत वाळवा. उसवली तर दुरुस्ती करून मिळेल."

एवढ्याशा मजकुरात काय आहे, असं मला वाटलं होतं. काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि पेन्सिलीने एकेका अक्षराला टिंब देत मोजायला लागले. ते वाचत नव्हते, सामान काढत होते. वेलांट्या किती, दीर्घ किती, 'स्ती' आहे का, 'रु' आहे का, आणि हा 'कॅ'.

रोमन लिपीचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, दोन केसांत मावतात. वरच्या केसमध्ये मोठी अक्षरं, खालच्या केसमध्ये लहान. इंग्रजीत अक्षरांना 'अपर केस' आणि 'लोअर केस' म्हणतात ते याच लाकडी खोक्यांवरून. देवनागरीला तेवढ्याने भागत नाही. स्वर, व्यंजनं, अर्धी व्यंजनं, उकार लागलेली अक्षरं, जोडाक्षरं, रफार, अनुस्वार असे काही शे प्रकारचे खिळे लागतात आणि प्रत्येकाला वेगळं घर. ही अडचण छपाईइतकीच जुनी आहे. गोव्यात छापखाना आला १५५६ मध्ये, पण फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं तेव्हा भाषा मराठी आणि अक्षरं रोमन, असा प्रकार होता. पुढे मराठी मुलखातच टाइप ओतणारे कसबी लोक तयार झाले. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्या खिळ्यांचं वळण पुढच्या कित्येक पिढ्यांना देवनागरीचं स्वाभाविक वळण वाटत राहिलं. खिळ्यांची संख्या कशी घटवावी याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी केला. सावरकरांच्या लिपिशुद्धीतली 'अ'ची बाराखडी, म्हणजे इ-ई-उ-ऊ काढून टाकून 'अ'लाच वेलांट्या आणि उकार जोडायचे, हीसुद्धा छापखान्यातली घरं कमी करणारीच युक्ती होती. आज त्या 'अि' आणि 'अु'कडे आपण गंमत म्हणून बघतो. केससमोर तासभर उभं राहिलं की त्यामागचं दुखणं कळतं.

उभं राहूनच हे काम करायचं. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळीच्या लांबीएवढी जुळवता येणारी लोखंडी पट्टी, आणि उजवा हात केसवर. खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते. ती बोटाला लागली की न बघताच खिळा सरळ की उलटा ते कळतं. ओळ डावीकडून उजवीकडेच भरत जाते, पण अक्षरं डोक्यावर उभी असतात. शिरोरेखा खाली, पाय वर. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' या जोड्या अशा वेळी फार छळतात. काका जुळारी म्हणून लागले तेव्हा पहिले काही महिने त्यांना जुळणीला हातच लावू दिला नव्हता, फक्त छापून झालेला मजकूर सोडवून एकेक खिळा आपापल्या घरात टाकायला लावला होता. त्यातून केसचा नकाशा बोटांत उतरतो. आजही ते उचलताना केसकडे बघत नाहीत, कागदाकडे बघतात.

मला सगळ्यात नवल वाटलं ते क्रमाचं. 'पिशवी' म्हणताना तोंडातून आधी 'प' येतो. फोनवर लिहितानाही आधी 'प', मग वेलांटी, आणि ती आपली आपण उडी मारून 'प'च्या आधी जाऊन बसते. काकांचा हात आधी वेलांटी उचलतो, मग 'प'. 'सर्व' जुळवताना रफार 'व'बरोबर येतो, उच्चारात तो आधी असला तरी. जुळाऱ्याला शब्द ऐकू येऊन चालत नाही, तो दिसावा लागतो.

आणि ती वेलांटी. तिचा दांडा खिळ्याच्या अंगावर असतो, पण कमान अंगाबाहेर लोंबते आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन टेकते. शिशाची ती कमान अधांतरी असते, खाली आधार काही नाही. नखाने जोरात दाबली तर वाकेल, दोनदा वाकवली तर तुटेल. खिळ्यांचा धातू म्हणजे मुख्यतः शिसं. त्याला कडकपणा यावा म्हणून अँटिमनी आणि ओतताना नीट वाहावं म्हणून कथील घालतात, तरी शेवटी ते शिसंच. माझ्या चार वाक्यांत ऱ्हस्व-दीर्घ मिळून अकरा वेलांट्या होत्या.

खड्ड्याचा प्रश्न इथे येऊन मिळतो. अक्षर कागदात रुतवायचं म्हणजे दाब वाढवायचा. रोमन अक्षर बहुतेक आपल्या चौकोनी अंगावर नीट बसलेलं असतं, ते थोडा मार खातं. देवनागरीच्या वेलांट्या, रफार, मात्रा या अंगाबाहेरच्या नाजूक वस्तू, त्या आधी जातात. शिवाय दाबाने खिळ्यांच्या कडा बोथट होतात आणि मग शिरोरेखेत फटी दिसायला लागतात. ही पीडाही रोमनला नाही, कारण तिथे अक्षरं सुटीच असतात. आपल्याकडे मात्र प्रत्येक खिळा शेजाऱ्याला असा भिडायला हवा की छापल्यावर रेघ सलग दिसेल. तुटलेल्या वेलांटीच्या जागी नवी आणायला ओतणारे कारखाने जवळजवळ उरलेले नाहीत. ऑफसेट आणि संगणक आल्यावर केसच्या केस किलोवर भंगारात गेले. काकांनीही आपले निम्म्याहून अधिक विकले, असं त्यांनी अगदी कोरडेपणाने सांगितलं.

मग नमुन्यातल्या पत्रिकेत देवनागरी एवढं खोल कसं रुतलं होतं? ते खिळ्यांनी छापलेलंच नव्हतं. संगणकावर मजकूर मांडायचा, त्याची निगेटिव्ह काढायची, ती प्रकाशाने कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यावर ठेवून अतिनील दिवा लावायचा, न कडकलेला भाग पाण्याने धुऊन टाकायचा. अक्षरं उठून आलेला अख्खा ठोकळा तयार. कितीही दाबा, झिजला तर दुसरा करा. यात लबाडी काही नाही, छपाई मशीनवरच होते. फक्त देवनागरीत जे सगळ्यात अवघड आहे, ती जुळणी, तेवढी त्यातून वजा झालेली असते. मला विचाराल तर ती वजा करून उरलेल्याला हातछपाई म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

काकांच्या हिशेबात उत्तम छपाई म्हणजे शाई कागदाला नुसती टेकलेली. अक्षर काळं कुळकुळीत, आणि मागचा कागद कोरा असल्यासारखा गुळगुळीत. त्यांचे मालक प्रत्येक कामाचा पहिला कागद उलटा करून अंगठा फिरवत आणि ठसा लागला तर सगळ्यांसमोर बोलत. म्हणजे माणसाच्या हाताची खूण दिसू नये यासाठी ही माणसं आयुष्यभर राबली, आणि आपण आता तीच खूण विकत घ्यायला निघालो आहोत. हे ऐकताना मला माझ्याच पिशव्या आठवल्या. काळ्या कॅनव्हासवर मी मुद्दाम पिवळ्या दोऱ्याने दुहेरी टीप मारते, शिवण दिसावी म्हणून. आमच्या गल्लीतले शिंपीकाका ती बघून म्हणाले होते, काळा दोरा संपला होता का?

छपाईपेक्षा छपाईची तयारी मोठी. जुळलेला मजकूर दोऱ्याने बांधून सपाट दगडावर ठेवला, भोवती लोखंडी चौकट, मधल्या मोकळ्या जागेत लाकडाच्या पट्ट्या, आणि कळ फिरवून सगळं आवळलं. चौकट थोडी उचलून हलवून बघितली. एकही खिळा खाली सरकला नाही म्हणजे फर्मा तयार. पहिल्या कागदावर 'दुरुस्ती' फिकी आली आणि 'मशीन' जाड. काकांनी दाब वाढवला नाही. ट्रेडल मशीनच्या ज्या पाटावर कागद टेकतो त्याच्यावरच्या कागदांच्या गादीत, बरोबर 'दुरुस्ती' जिथे येते तिथे, पतंगाच्या कागदाचा फाडलेला तुकडा खळीने चिकटवला. फाडलेलाच, कारण कापलेल्या कागदाची धार छपाईत उमटते. पुन्हा एक कागद. पुन्हा एक तुकडा. या कामावर ते रेंगाळत होते, आणि मला वाटतं हेच त्यांचं आवडतं काम असावं, जरी गिऱ्हाइकाला ते कधीच दिसत नाही.

मग मात्र झपाट्याने. वरची गोल तबकडी प्रत्येक फेऱ्याला थोडी वळते, रूळ तिच्यावरून शाई घेऊन खाली खिळ्यांवर फिरून जातात, पाट मिटतो, उघडतो. उघडल्याच्या क्षणी उजवा हात कोरा पुठ्ठा ठेवतो आणि डावा छापलेला काढतो. दोन्ही हात बाहेर असायला हवेत, कारण पाट कुणासाठी थांबत नाही. पुठ्ठा तिरका बसला तर डाव्या बाजूचा दांडा ओढून तेवढा ठसा चुकवायचा. मी पुठ्ठे लावून बघितले, पण काकांनी मशीन अगदी सावकाश चालवलं आणि नजर माझ्या बोटांवरून हलवली नाही.

हा छापखाना माझ्यासारख्यांच्या चिठ्ठ्यांवर चालतो असं कुणी समजू नये. तो चालतो पावतीपुस्तकांवर. मजकूर ऑफसेटवर छापून येतो, आणि इथे त्यावर फक्त आकडे पडतात आणि फाडायची टोचरेघ पडते. आकडे टाकणारं छोटं यंत्र खिळ्यांच्याच उंचीचं असतं, फर्म्यात खिळ्यांबरोबर आवळलं जातं आणि प्रत्येक दाबाबरोबर आपला आपण एक आकडा पुढे सरकतं. काही यंत्रं उलटी मोजतात. शेवटचा आकडा आधी छापायचा, म्हणजे एकावर एक पडलेल्या गठ्ठ्यात पहिली पावती आपोआप वर येते. गणपती मंडळांच्या वर्गणीच्या दिवसांत या एका कामाला उसंत नसते, आणि तेव्हा काका माझा फोन उचलत नाहीत.

चिठ्ठ्या दोन-दोन एकदम छापल्या, नंतर मधून कापल्या. शाई तेलाची, त्यामुळे रात्रभर पसरून ठेवल्या. मागच्या बाजूला अंगठा फिरवला तर काही लागत नाही. वरच्या कोपऱ्यात भोक पाडून पितळी आयलेट ठोकली आणि पिशव्या शिवून उरलेल्या पिवळ्या दोऱ्यानेच त्या बक्कलाला बांधल्या. एका गिऱ्हाइकाने चिठ्ठी बघून विचारलं, प्रिंटर घरचाच आहे का? हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले.

पुढच्या खेपेला जास्त चिठ्ठ्या लागणार आहेत, तेव्हा दोनऐवजी चार एकदम लावाव्यात असं मी सुचवलं. फेरे निम्मे होतील, मजुरीही उतरेल. काकांनी केस ओढून बघितली आणि मजकूर बदलायला सांगितला. या मापात 'कॅ' तीनच आहेत, त्यातल्या एकाचा चंद्र झिजलेला. "कॅनव्हास राहू द्या," ते म्हणाले, "जाडं कापड लिहा. 'ड' आपल्याकडे भरपूर आहेत."